देगीला कल्हई

मशिदीची तांब्याची मोठी देग आतनं चकाकत होती आणि ती बघून दस्तगीर वाटेतच थबकला.

मशिदीसमोरच्या लिंबाखाली सात-आठ माणसं जमली होती. मधोमध देग. तिच्यात ऊन असं उतरलं होतं की वाकून बघणाऱ्याचं तोंड तांबडंलाल दिसत होतं. मशीद सांभाळणारा दस्तगीर शेतातनं येत होता. खांद्यावरची कडब्याची पेंढी त्यानं तिथंच टाकली, देगीच्या काठावर पोट टेकून आत वाकला आणि बोट फिरवलं. मग दुसरं बोट फिरवलं, जसा काही पहिल्या बोटावर त्याचा भरवसा नव्हता.

"ह्ये कुणी केलं?"

"म्या केलं, चाचा!" बिभीषणचा सुरज छाती पुढं काढून म्हणाला. त्याचं सास्तूरच्या वाटेवर वेल्डिंगचं दुकान. "चाचीकडनं कोठीची किल्ली घेतली. ताईच्या लग्नात असली काळपट देग बरी दिसती व्हय? ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आन् आतनं सगळी धरली. निम्मा दिवस गेला. बगा की, सोनं झालंय सोनं!"

"आरं, ती घाण नव्हती बाबा. ती कल्हई हुती."

"काय हुतं?"

"कथील! कथलाचा थर. कल्हई जुनी झाली की अशीच काळवंडती. त्वा सगळी खरडून काढलीस. आता नुसतं तांबं ऱ्हायलंय. ह्यात चिंच-गुळाचं वरण टाकलं तर कळकंल की रं. हिरवं पडंल. खाणारी माणसं वांत्या करीत बसतील."

सुरजचं तोंड उतरलं. जमलेल्यांपैकी एकजण हसला, दुसऱ्यानं "छ्या, आमी घरी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितोय की," म्हणून शास्त्र सांगितलं.

"पाणी येगळं, चिंच येगळी," दस्तगीर म्हणाला. पण ते कुणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात बिभीषण आला होता.

बिभीषणच्या दीपालीचं परवा लग्न. मांडव उभा होता, चुलाण खणून झालं होतं. गावाची रीत अशी, की देग कोठीतनं निघताना एक कडी मशिदीच्या सांभाळणाऱ्यानं धरायची, बिस्मिल्ला म्हणायचं, आणि समोरची कडी घरधन्यानं. मग बाकीच्यांनी हात लावायचा.

"हं, धर कडी," बिभीषण म्हणाला. "दिवस कलला."

"बिभीषण, ही देग आज हलायची न्हाय."

"कामून?"

"कल्हई गेलीया. कल्हई केल्याबिगर म्या देणार न्हाय."

बिभीषणनं आधी पोराकडं बघितलं, मग देगीकडं, मग दस्तगीरकडं. "पोरानं राबून घासली तुझी देग. शाबास म्हणायचं सोडून नाट लावायलास? परवा लगीन हाय माझ्या लेकीचं!"

"म्हणून तर सांगायलोय."

"तुझ्या साबेराच्या लग्नात माझं बैल, माझी गाडी, माझा कडबा. तवा म्या म्हणलो का, वंगण न्हाय, गाडी देणार न्हाय?"

"वंगण नसलं तर गाडी कुरकुरती. ह्यात माणसं आडवी व्हतील, बिभीषण!"

या बोलाचालीत गावपुढारी आण्णासाहेबांचा पोरगा रणधीर बुलेटवरनं चालला होता, तो थांबला. गाडी चालू ठेवूनच त्यानं विचारलं, "काय बिभीषणराव? मशिदीनं देग अडवली का काय?"

"अडवली न्हाय ओ," दस्तगीर म्हणाला, "कल्हई..."

"लगीन आपल्या पोरीचं आन् वरण कुणाच्या मर्जीनं शिजणार बगा," रणधीर बिभीषणलाच म्हणाला. "काय नडलंय? उद्या लोहाऱ्याहून अल्युमिनियमची पातेली आणू भाड्यानं. आन् लगीन उरकलं की मारुतीच्या देवळात आपली येगळी भांडीच करू. एकदाच कटकट गेली."

बुलेट फटफटत गेली. मागं राहिलेलं वाक्य मात्र धुरासारखं तिथंच राहिलं. बिभीषणनं कुणाकडंच न बघता धोतराचा सोगा झटकला आणि निघाला. सुरज त्याच्या मागं. देग लिंबाखाली तशीच, सोन्यासारखी.

दस्तगीर कठड्यावर बसला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

मशीद म्हणजे तरी काय? भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा कडेच्या जागेवर उभी केलेली एक लांबट खोली, पुढं पत्र्याची पडवी, हातपाय धुवायचा हौद, बाजूला भांड्यांची कोठी. मुसलमानांची घरं बोटावर मोजण्याइतकी. पण खुरपणाऱ्या बाया दुपारच्या अजानीला भाकरी सोडत. भोंग्यावरनं कुणाची शेळी हरवली, कुठल्या गल्लीला नळ सुटला, कुणाचं मयत किती वाजता, हे सगळ्या गावाला कळे. आणि कुणाच्याही घरी पाच माणसांवर पंगत असली की पाय कोठीकडं वळत.

कोठीत देगी दोन. एक गोश्ताची. दुसरी साधी, हीच, पोटाला पोचा पडलेली. तो पोचा भूकंपाचा. जुन्या मशिदीच्या ढिगाऱ्यातनं दस्तगीरच्या बापानं, मदारसाबनं, ती ओढून काढली आणि पत्र्याच्या शेडसमोर तीन दगडांवर ठेवली. जे धान्य मिळालं त्याची खिचडी केली. सगळं गाव रांगेत. त्यात शरणबसप्पाची आई. लिंगायताची म्हातारी, जन्मात दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यालेली नव्हती. तिनं ताट पुढं केलं आणि विचारलं, "मदारसाब, खरं सांग. यात कधी मटण शिजलंय का?"

मदारसाब खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं? पण तो म्हणाला, "शिजलंय, अव्वा. पण आजपासनं न्हाय."

म्हातारी जेवली. तेव्हापासनं या देगीत गोश्त गेलं नाही. लिंगायताचं लग्न असो, माळकऱ्याचं तेरावं असो, सप्ताहाची पंगत असो, देग हीच. गाव तिला 'आपली देग' म्हणे. आपली म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. दरसाल ईद झाली की दस्तगीर ज्याला-त्याला सांगे, "औंदा कल्हई करायला पायजे बरं का." ज्यानं-त्यानं "करू की" म्हणावं आणि तंबाखू मळावी. कल्हईवाला मौलाली गावात यायचा बंद होऊन कितीतरी उन्हाळे गेले होते. जुनाच थर जपून जपून वापरायचा, राखेनं हलक्या हातानं घासायचा, यात दस्तगीरची जवानी गेली होती. आणि तो थर या पोरानं माया करून, घाम गाळून, मशिनीनं खरवडला होता. शिवी द्यावी तर कुणाला?

दिवेलागणीच्या नमाजाला जमातीतली चार म्हातारी माणसं आली. नमाज झाली तशी ती पडवीत टेकली.

"दे बाबा देग," एकजण म्हणाला. "शिजवतील, खातील. आपल्याला काय करायचंय?"

"आन् वांत्या झाल्या तर? मशिदीच्या देगीतनं इख घातलं म्हणतील."

हौदाचा नळ ठिबकत होता.

"मग नको देऊ," दुसरा म्हणाला.

"न्हाय दिली तर अडवली म्हणतील. म्हणायलेत आत्ताच."

"मग काय करावं म्हणतोस?"

"त्येच तर म्या तुमाला इचारायलोय!"

"आता आमी काय सांगावं? सांभाळणारा तू. तूच बग." आणि चौघं चपला शोधायला लागले.

दस्तगीरनं बाहेर बघितलं. रोज या वेळेला पायरीशी चार-पाच बाया उभ्या असत. कुणाचं लेकरू किरकिर करतंय, कुणाचं दूध पीत नाही. नमाज पढून आलेल्यांनी लेकराच्या तोंडावर, आणलेल्या पाण्यावर फुंकर घालायची. जात-बित कोण विचारत नसे. रणधीरसुद्धा आईच्या कडेवर याच पायरीशी आलेला होता. आज पायरी मोकळी होती. एक बाई नव्हती. दस्तगीरला ते रणधीरच्या बोलण्याहून जास्त लागलं.

तेवढ्यात लिंबाच्या बाजूनं एक बाई झपाझप येताना दिसली. हातात तांब्या, काखेत मोठी परात. बिभीषणची बायको दैवशाला. फुंकर मारायला पाणी आणलं असेल, लेकीच्या लग्नासाठी, असं वाटून दस्तगीर पुढं झाला. दैवशालेनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ देगीशी गेली आणि तांब्या आत पालथा केला. चिंचेचा कोळ. वर पदराच्या गाठीतलं मीठ.

"वैनी, ह्ये काय करायलाव?"

"तुमी म्हणता इख व्हतंय. सुरज म्हणतोय मामला सोन्याचा हाय. ह्ये म्हणत्यात दस्तगीरला मस्ती आली. तुमी सगळी गडीमाणसं नुसती तोंडानंच शिजवायला लागलाव." तिनं देगीवर परात झाकली. "सकाळी बगू. खोटं निघालं तर भावजी, तुमच्या दाढीची खैर न्हाय."

"आन् खरं निघालं तर?"

"तर ह्यांच्या मिशीची," ती म्हणाली आणि गेली.

सकाळी दस्तगीर अजान देऊन बाहेर येतो तर दैवशाला परात उचलून उभी. मागं बिभीषण, ओढून आणलेल्या बैलासारखा. कोळाच्या काठाला देगीला गोल हिरवी रेघ उठली होती. द्राक्षाच्या फवारणीला मोरचूद भिजवल्यावर बादलीला उठते, तशीच.

बिभीषणनं ती रेघ बघितली. मोरचूद म्हणजे तांब्याचंच विष, ते त्यानं जन्मभर हाताळलं होतं. हात न धुता भाकरीला हात लावू देत नसे तो घरात कुणाला.

"आयला," तो म्हणाला. तो दस्तगीरकडं वळला. मग, "गाडी काढ. उमरग्याला मौलालीकडं जाऊ."

"माफी मागा आदी," दैवशाला म्हणाली.

"मागतो की. वाटंनं मागतो."

वाटेनं त्यानं मागितली नाही. उमरग्यापर्यंत दोघं एका मोटरसायकलीवर असे बसले होते, की मधे अजून एक माणूस मावला असता. उमरग्यात मौलालीच्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली. गल्ल्यावर नातू. "कल्हई?" तो हसला. "वो काम कब का बंद है, चाचा. स्टील वापरा." दुसऱ्या गल्लीत भांडेवाल्यानं सांगितलं, हैदराबादला मिळेल. तिसऱ्यानं विचारलं, कल्हई म्हणजे नक्की काय? बिभीषणनं कपाळाला हात लावला आणि तिथंच मांडव, वऱ्हाडी, व्याही सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी दोघं परत पहिल्या दुकानात आले, तर कव्हरांच्या पडद्यामागनं खोकत खोकत आवाज आला, "देग किती मोठी हाय?"

मौलाली आत खाटेवर बसला होता. डोळ्यांत फुलं पडलेली. पण नवसागर, कथलाची कांडी आणि हातानं फिरवायचा भाता त्यानं खाटेखाली ठेवला होता. नातवानं "दादा, तुमको दिखता नहीं" म्हणेपर्यंत म्हातारा मोटरसायकलीवर मधोमध बसला सुद्धा. मोकळी जागा अशी भरून निघाली.

लिंबाखाली येऊन त्यानं देगीत हात फिरवला आणि भुवया वर केल्या. "घासली कुणी?"

सुरज मागं सरकला.

"झकास घासलीया. कल्हईच्या आदी अशीच घासावी लागती. निम्मं काम झालंय." सुरजच्या तोंडावर हसू फुटायच्या आत म्हाताऱ्यानं जोडलं, "निम्मं. फक्त मशिनीचं तेल हाय हितं. वाळू आन् चिंच टाका आन् एक गडी आत उतरवा. पायानं फिरवायचं, टाच दाबून. म्या उतरलो असतो, पण आता कंबर न्हाय."

"सुरज, उतर," दस्तगीर म्हणाला.

"त्यो न्हाय," बिभीषण म्हणाला. त्यानं धोतर खोचलं, लिंबाच्या फांदीला दोन्ही हातांनी धरलं आणि देगीत उतरला. वाळूचा कर्रकर्र आवाज झाला. नवरीचा बाप, अंगात लग्नाचा नवा सदरा, देगीत उभा राहून कंबर हलवायला लागला, इकडं अर्धा वेढा, तिकडं अर्धा वेढा.

हा तमाशा बघायला गाव लोटलं. काल पायरीशी न आलेल्या बायाही लेकरं घेऊन आल्या. "अवं बिभीषणभाऊ, वरातीत नाचायचं इथंच उरकून घेताव का?" कुणीतरी ओरडलं. दैवशालेनं तोंडाला पदर लावला. पंच्याहत्तरीचा शरणबसप्पा आपण होऊन भात्याशी बसला. "माझ्या अव्वानं जेवलेली देग हाय," एवढंच म्हणाला आणि दांडा फिरवायला लागला.

देग तापली. मौलालीनं नवसागर टाकला तसा पांढरा धूर उसळला, सगळ्यांचे डोळे झोंबले. कथलाची कांडी टेकली की थेंब पळायचा आणि दस्तगीर कापसाच्या बोळ्यानं तो पसरवायचा. "डावीकडं. अजून. रेंगाळू नगंस, जळंल," म्हातारा धुरातनं सांगत होता. तांबड्या तांब्यावर पांढरी साय धरत गेली. धुरानं खोकत बिभीषण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दस्तगीर, काल म्या..."

"बोळा दे," दस्तगीर म्हणाला.

बिभीषणनं बोळा दिला. माफी तेवढ्यावरच मिटली.

सांजच्याला दोघांनी समोरासमोरच्या कड्या धरल्या. बिस्मिल्ला. देग मांडवात गेली.

लग्न पार पडलं. वरण उतरलं, पहिलं ताट रीतीप्रमाणं मशिदीच्या पायरीवर आलं. शरणबसप्पाच्या घरची सगळी माणसं जेवली. कुणाला उलटी नाही, कुणाला मळमळ नाही. दस्तगीर वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होता आणि त्याचा जीव पहिल्यांदाच थाऱ्यावर आला होता, तोच मागच्या पंगतीतनं आवाज आला. रणधीर शेजारच्या पाहुण्याला सांगत होता.

"...न्हाय म्हणत हुते. मग जरा दम भरला. येगळी भांडी करू म्हणलो. तवा सुतासारखे सरळ. बगा, लगेच देग सुटली."

पाहुण्यानं मान डोलावली. त्याच्या पलीकडच्यानंही. दस्तगीर बादली घेऊन उभाच राहिला. धुरानं सुजलेले डोळे, भाजलेली बोटं, म्हाताऱ्याला सोडायला मारलेली उमरग्याची दुसरी खेप, आणि गावाच्या लक्षात काय राहणार? तर दम भरला, देग सुटली. उद्या हेच पारावर जाईल. परवा शेजारच्या गावाला. आता सांगावं तर पंगतीत भांडण, न सांगावं तर तेच खरं.

"वाढा की, चाचा," रणधीरनं ताट पुढं केलं. "वरण मात्र एक नंबर झालंय."

दस्तगीरनं वाढलं.

समोरनं बिभीषण बुंदीची परात घेऊन येत होता, अनवाणी. त्याचे पाय घोट्यापर्यंत काळे-हिरवे. रात्रभर तेल चोळूनही रंग निघाला नव्हता. पाहुण्यानं विचारलं, "मुलीच्या बापाच्या पायाला काय झालं?"

बिभीषणनं रणधीरचं बोलणं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. तो फक्त थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "दम भरला की असं व्हतंय."

त्याला देगीत नाचताना बघितलेली निम्मी पंगत हसली. रणधीर ताटात बघून वरण ओरपत राहिला. निम्म्या पंगतीला काहीच कळलं नाही. ती निम्मी पंगत जन्मभर रणधीरचंच सांगणार होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरज टेंपोतनं देग घेऊन आला. लांबनंच दस्तगीरला ती बाहेरनं झगझगताना दिसली आणि त्याच्या हातातली हौद झाडायची केरसुणी गळाली. पळतच गेला.

"पोरा, पुन्हा घासलीस?"

"भाईरनं, चाचा! भाईरनं घासली तर चालतंय न्हवं?"

दस्तगीर काठावर पोट टेकून आत वाकला. पांढरी. गोल, शांत, दुधासारखी पांढरी. फक्त तळाशी, पोच्याच्या बाजूला, भाकरीएवढी जागा तांबडीलाल चमकत होती.

"आन् ह्ये?"

सुरजनं मान खाजवली. "वरणाची खरपुडी लागली हुती. जरासा ब्रश टेकवला. तवर आईनं पाठीत लाटणं घातलं." त्यानं सदरा वर करून वळ दाखवला.

भाकरीएवढी जागा गेली म्हणजे देग गेलीच. पुन्हा उमरगा, पुन्हा ती खाट, पुन्हा तो म्हातारा, तोवर जगला तर. सप्ताहाची पंगत दोन महिन्यांवर. त्यानं देगीला शिवी हासडली, मग मशिदीसमोर हासडली म्हणून जीभ चावली.

"धर कडी," तो म्हणाला.

कोठीत देग ठेवून त्यानं कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली, आणि सुरजच्या अंगावर टाकली.

"ही दैवशाला वैनीला नेऊन दे. म्हणावं, हितनं पुढं किल्ली तुमच्याकडं. आन् लाटणंबी."